आधी स्टिक, मग ड्रम

मागच्या अंकात ‘मला नवं वाद्य शिकायचंय’ म्हणणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यातली ड्रमबद्दलची पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. मी तरुणपणी मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमधून ड्रम वाजवला, आता ठाण्यात शिकवतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, पत्रं थोडी आखडती घेतली आहेत.

‘वय ४७, बँकेत नोकरी. आमच्या गल्लीत गणपतीसमोर ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हापासून ड्रमचं वेड आहे. पण आजवर टाळसुद्धा हातात धरलेला नाही. या वयात जमेल का? कोणता ड्रमसेट घेऊ? यजमान म्हणतात, आत्ता हजारो रुपये घालशील आणि दिवाळीनंतर त्यावर कपडे वाळत पडतील.’ — सांगली

ताई, यजमानांचं निम्मं ऐका. ड्रमसेट एवढ्यात घेऊ नका. शिकायला मात्र आजच लागा, कारण त्यासाठी लागणारं सामान भाजीच्या पिशवीत मावतं: स्टिकची एक जोडी, एक रबरी प्रॅक्टिस पॅड आणि मोबाइलवरचं फुकटचं मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीनं टिकटिक करणारं अ‍ॅप. दुकानात ‘५ ए’ मापाची, हिकरी लाकडाची जोडी मागा. ‘७ ए’ जरा बारीक असते. हात लहान असेल तर ती चालेल. घेण्याआधी प्रत्येक स्टिक काउंटरवर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगत जाते. मग दोन्ही स्टिक पॅडवर आपटून ऐका. जोडीतल्या दोघींचं वजन सारखं नसेल तर आवाज वेगवेगळा येतो, आणि पुढं आपला डावा हात कच्चा की डावी स्टिक हलकी, हेच कळत नाही. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

आता धरायची कशी. जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, अंगठा आणि तर्जनीचं पेर यांच्यात स्टिक पकडा. बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली, तळवा जमिनीकडे. आता स्टिक पॅडवर एकदाच पडू द्या आणि तिला तिच्या मनानं उड्या मारू द्या. टण्, टण्, टण् टण् टणटणटण. पकड थोडी पुढं, थोडी मागं अशी सरकवत हेच करत राहा. ज्या जागी सगळ्यांत जास्त उड्या पडतात, ती तुमची जागा. तिथं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. मला भेटलेले निम्मे नवशिके ही जागा न शोधता स्टिक शेवटाला धरतात, मग तिला आवरायला मूठ आवळतात, आणि आठवड्याभरात कोपर दुखतं म्हणून येतात.

रबरानं स्टिक वर फेकलेली असते. ती येऊ द्यायची, एवढंच आपलं काम. नवशिका मात्र ठोका मारतो आणि स्टिक पॅडवर दाबून ठेवतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ती पुन्हा स्वतः उचलावी लागते. हात दमतात ते या उचलण्यानं.

मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला साठ टिक. टिकला एक ठोका: उजवा, डावा, उजवा, डावा, दोन मिनिटं. मग टिकला दोन, मग चार. ते सुटं वाजायला लागलं की दोन उजवे दोन डावे. त्यानंतर पॅराडिडल: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीची अशा मूळ हातांची, म्हणजे ठोक्यांच्या क्रमांची, यादी १९८४ पासून ४० ची आहे. इंटरनेटवर ती बघून घाबरू नका, पहिले काही महिने हे तीन पुरतात. रोज वीस मिनिटं. रविवारी एकदम दोन तास बसलात तर त्याचा उपयोग कमी आणि मनगटाला त्रास जास्त. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. कुठला ठोका उजव्याचा आणि कुठला डाव्याचा हे ओळखू येत असेल, तर पुढचा आठवडा सुरुवात डाव्या हातानं.

वयाचं म्हणाल तर वेग सावकाश येतो, हे खरं. पण दहा वर्षांचा मुलगा ६० च्या लयीत दोन मिनिटं बसत नाही, तुम्ही बसाल. बँकेत बसताच की. तीन महिन्यांनी सांगलीत जिथं ड्रमसेट आहे असा एखादा क्लास शोधा, त्यांच्या सेटवर बसून बघा, मग खरेदीचं बोलू. तोवर कपडे दोरीवरच वाळू देत.

‘मी पुण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. हौसेनं ड्रमच्या क्लासला गेलो तर सर म्हणाले, आधीचं सगळं विसरून ये. खरंच विसरायचं का?’ — पुणे

अजिबात नाही. लय न सोडता तासभर रस्त्यावर उभं राहून वाजवणं ज्याला येतं, त्याची निम्मी शाळा झालेली असते. दहा-वीस ढोल मागं असताना पुढं ताशावर ठेका धरून सगळ्यांना हातातल्या हातात वळवणं, हे काम तर ड्रमरचंच आहे.

बदलायचं ते सांगतो. ताशाच्या काड्या बारीक आणि लवचिक, तोंड लहान आणि कडक ताणलेलं. तिथं काडी नुसती टेकवली तरी उडते. ड्रमसेटवर स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, तेवढी उडवते, पण फ्लोअर टॉमचं, म्हणजे बाजूला जमिनीवर उभ्या ड्रमचं, तोंड मोठं आणि सैल. तिथं स्टिक बसकण मारते. तुझा रोल, म्हणजे सलग ठोक्यांची झड, स्नेअरवर झकास वाजेल आणि टॉमवर गेला की मोडेल. मग पॅड सोडून उशीवर रियाज करायचा. उशी काहीच परत देत नाही, सगळं मनगटानं करावं लागतं. रोज पाच मिनिटं, जास्त नको.

दुसरं म्हणजे आवाज. पथकात सगळं पूर्ण ताकदीनं. ड्रमवर मोठ्या ठोक्यांच्या मध्ये अगदी हळू, स्टिक जेमतेम दोन बोटं उचलून टाकलेले ठोके असतात. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. ताशेवाल्यांना तेवढंच जड जातं. स्वारगेटपर्यंत ऐकू जावं अशी सवय असते ना.

आणि तुझ्या सरांना हा इतिहासही सांग. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या बँडमध्ये मोठा बास ड्रम एक जण वाजवायचा, स्नेअर दुसरा. हेच बँड नाट्यगृहात, नाचाच्या हॉलमध्ये बसायला लागले तेव्हा जागा कमी आणि पगार द्यायला मालक नाखूश. मग एकच माणूस दोन्ही वाजवायला लागला. १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी पायानं दाबायच्या पेडलचं पेटंट घेतलं आणि पुढं १९२०च्या दशकात हाय-हॅट, म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजांची जोडीही डाव्या पायाखाली आली. थोडक्यात ढोलवाला, ताशेवाला आणि झांजवाला एका स्टुलावर बसवला की ड्रमसेट होतो. म्हणून तुझा पहिला रियाज हा: पथकातला तुझ्या आवडीचा हात घे, ढोलाचा घुमारा उजव्या पायाला दे, ताशा स्नेअरवर ठेव आणि अर्ध्या गतीत वाजव. पाय चुकेल. चुकू दे, हातांना काही धक्का लागत नाही.

‘बारा वर्षांची मुलगी तबला शिकते. आता ड्रमही हवा म्हणते. तिचे गुरुजी म्हणतात हात बिघडेल. ड्रमच्याही परीक्षा असतात का?’ — औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

गुरुजींची काळजी खोटी नाही. तबल्यात बोटं काम करतात, ड्रमवर मनगट आणि बाहू, आणि वाढत्या वयात स्टिक आवळून धरायची सवय लागली तर बोटांचा हलकेपणा जातो. पण सैल हातानं शिकवणारा शिक्षक मिळाला तर दोन्ही चालतं. त्रिलोक गुर्टू हे शोभा गुर्टूंचे चिरंजीव. लहानपणी तबला शिकले आणि पुढं ड्रमसाठी जगभर गाजले. ते स्टुलावर न बसता जमिनीलगत गुडघ्यांवर बसून वाजवतात, तबला शेजारी असतो. त्यांचं एखादं वादन मुलीला आणि गुरुजींना एकत्र बसून दाखवा. गुरुजींना न सांगता क्लास मात्र लावू नका.

तिला एक गोष्ट खटकेल. केरव्यात धा गे न ति, न क धि न म्हणताना वजन समेवर, पहिल्या धा वर. ड्रमवरच्या साध्या ठेक्यात स्नेअरचा कडकडीत ठोका चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. तबला शिकलेली मुलं सुरुवातीला नकळत पहिल्या मात्रेवर स्नेअर मारतात. (आपले प्रेक्षकही टाळ्या पहिल्या-तिसऱ्यावरच देतात. मी स्टेजवरून वर्षानुवर्षं ऐकलंय, उपाय नाही.) तिला टाळी दोन आणि चारवर देत, तोंडानं केरवा म्हणायला सांगा. हसेल आधी, मग जमेल.

परीक्षा असतात. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि रॉकस्कूल या दोन इथं चालतात, दोन्ही आठव्या ग्रेडपर्यंत. त्यासाठी पाच रेघांचं लेखन वाचावं लागतं. ड्रमचं लेखन सोपं असतं, सूर नाहीत. कुठल्या रेघेवर कुठला ड्रम आणि झांजेसाठी फुली, एवढंच. ते लवकर शिकलेलं बरं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना हे वाचन लहानपणीच शिकवायचे, म्हणून मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये एक काळ गोवेकर वादकांचाच होता: कागद समोर आला की वाजवायला तयार.

‘तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. मुलाला ड्रमसेट घेऊन दिला आणि सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. खोलीला अंड्यांचे ट्रे लावले, तरी फरक नाही. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तर प्रश्न सुटेल का?’ — डोंबिवली

ट्रे काढून टाका. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, बंद फटी. कागदी ट्रेला वजन कुठलं? शिवाय झुरळं होतात.

खऱ्या ड्रमचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी सहज १०० डेसिबलच्या वर जातो. निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. त्यामुळे ग्रुपवर तुम्ही कितीही मुद्देसूद लिहिलंत तरी बाजू शेजाऱ्यांची बळकट आहे. खरा सेट विका, किंवा क्लासला द्या.

इलेक्ट्रॉनिक सेट घ्या, पण जाळीच्या तोंडाचे पॅड असलेला. रबरी पॅडचा टकटकाट जास्त. हेडफोन लावले की वरचे आणि बाजूचे शेजारी सुटले. खालचे सुटत नाहीत. बास ड्रमच्या पेडलचा धक्का स्लॅबमधून खाली उतरतो आणि त्यांच्या बेडरूममध्ये कुणीतरी टाच आपटत चालल्यासारखं ऐकू येतं. त्यावर ड्रमरांचा जुना उपाय आहे: प्लायच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे बॉल बसवायचे आणि अख्खा सेट, स्टुलासकट, त्यावर ठेवायचा. बॉल नीट अंतर राखून लावा, मुलाच्या वजनाखाली ते साफ चपटे होता कामा नयेत. बॉल नवे लागत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या पोरांनी गच्चीवर हरवलेले पुष्कळ असतील.

फळी तयार झाली की मुलाला वाजवायला बसवा आणि तुम्ही खालच्या घरी जाऊन चहा घेत ऐका. कुठल्या वेळेला त्रास होतो ते त्यांनाच विचारा आणि तेवढी वेळ सोडा. ग्रुपवर लिहू नका, प्रत्यक्ष जा. निम्मी भांडणं आवाजाची नसतात, न विचारल्याची असतात.

हेडफोनचा आवाजही बेतात ठेवायला सांगा, आणि क्लासमध्ये खऱ्या सेटवर वाजवताना कानात प्लग. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. हिशेब केलात तर १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. आमच्या पिढीच्या ड्रमरांशी बोलायचं तर लोकांना जरा मोठ्यानं बोलावं लागतं, त्याचं कारण हेच.

‘साधा ठेका एकटा-एकटा येतो. पण बास ड्रम वाढवला की हात पायाच्या मागं जातो. रोज तिथंच अडकतो. माझ्यात दोष आहे का?’ — नाशिक

दोष नाही, सगळ्यांचं तिथंच अडतं. तुमच्या पत्रावरून अडचण अशी दिसते: उजवा हात हाय-हॅटवर आठ ठोके, एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. डावा स्नेअरवर दोन आणि चारला. पाय एक आणि तीनला. इथवर छान. मग पायाचा आणखी एक ठोका ‘तीन’च्या पुढच्या ‘आणि’वर आला, की डावा हातही तिथंच पडतो, कारण ‘चार’ची घाई झालेली असते.

ड्रमवरून उठा. साध्या खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, तळवे मांड्यांवर. मेट्रोनोम ५० वर. सगळा ठेका वाजवू नका. फक्त ‘तीन-आणि-चार’ एवढा तुकडा घ्या. ‘तीन’ला उजवी मांडी आणि पाय. ‘आणि’ला पुन्हा उजवी मांडी आणि पाय. ‘चार’ला उजवी आणि डावी मांडी, पाय नाही. थांबा. पुन्हा. आणि मोजणी तोंडानं, मोठ्यानं. हे तोंडानं म्हणणं कुणालाच आवडत नाही, मोठी माणसं तर लाजतात. पण जिथं तुमचा आवाज गप्प होतो, बरोबर तिथंच डोकं अडकलेलं असतं. ते दुसऱ्या कशानं सापडत नाही. तुकडा घट्ट झाला की मागं ‘दोन-आणि’ जोडा, मग ‘एक-आणि’, शेवटी चारनंतरचा ‘आणि’. ड्रमवर परत बसाल तेव्हा गती वाढवायचा मोह होईल. जमत नसेल तर गती वाढवून कधीच जमत नाही, कमी करून जमतं.

स्टुलाची उंचीही तपासा. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. गुडघा कमरेच्या वर गेला की पाय पेडलवर जड पडतो आणि दोष आपण डोक्याला देत बसतो.

‘आमची बँजो पार्टी आहे. ऑक्टोपॅड शिकू की ड्रम? कमाई कशात?’ — पेण

कमाई ऑक्टोपॅडमध्ये, यात शंका नको. रोलँड कंपनीनं १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला आणि आठ पॅडच्या त्या इलेक्ट्रॉनिक पेटीनं आपल्याकडं मिरवणूक, ऑर्केस्ट्रा, हळद सगळं व्यापलं. रिक्षात मावतो, मागं चार माणसं लागत नाहीत, ढोलकीपासून संबळापर्यंत आवाज त्यातच. पण आपल्याकडे तो उभ्यानं आणि बहुतेक हातांनीच वाजतो. बास ड्रमही हातानंच. त्यामुळे पाय कोरे राहतात. ऑक्टोपॅडवाला ड्रमवर बसला की हात धावतात आणि खालचा बास गायब. दोन्ही करायचं असेल तर आधी वर्षभर ड्रम, मग ऑक्टोपॅड. उलट क्रमानं आलेल्यांना मी शिकवलंय. शिकतात, पण चरफडत.

‘मी डावखुरा आहे. सेट उलटा लावायचा का?’ — चिपळूण

स्वतःचा सेट असेल तर लावा, इंग्लंडचे गायक-ड्रमर फिल कॉलिन्स तसाच वाजवायचे. पण स्पर्धेत किंवा दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटांत सेट उलटा करायला कुणी देत नाही. बीटल्सचे ड्रमर रिंगो स्टार डावखुरे. उजव्यांसाठी लावलेल्या सेटवरच आयुष्यभर वाजवलं. तिसरा मार्ग म्हणजे सेट सुलटाच ठेवून हाय-हॅट डाव्या हातानं, स्नेअर उजव्यानं, हातांची कात्री न करता. जॅझ ड्रमर बिली कॉबम यांचं वादन बघा. तुम्ही अजून काहीच शिकला नसाल तर मी हाच तिसरा सुचवीन.

‘गॅदरिंगला पहिल्यांदा वाजवणार आहे. काही सूचना?’ — लातूर

गाणं मध्य लयीचं निवडा, आणि गायक कडव्यात भरात येऊन पळायला लागला तरी तुम्ही पळू नका. फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरायचे सजावटीचे तुकडे, कमी. सुरू करण्याआधी स्टिकवर चार मोजाल ते मनात गाण्याची ओळ म्हणून, मगच मोजा. आणि घरून एक जाड सतरंजी न्या. गुळगुळीत स्टेजवर बास ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढं सरकतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पाय पोहोचेनासा होतो. सतरंजी ड्रमखालीच नव्हे, स्टुलाखालीही आली पाहिजे. तुमच्या वजनानं मग ती जागची हलत नाही.